उतारा कुणाच्या खिशात?



आजचा विषय कळवल्यावर मला संयोजकांचा फोन आला. "डॉक्टर, आपला श्रोता बहुतेक साठीच्या पुढचा. नशेबिशेपेक्षा गुडघेदुखीवर बोलता येईल का?" मी म्हटलं, चालेल, गुडघेदुखीपासूनच सुरुवात करते. हे मी थट्टेनं म्हटलं नव्हतं. अमेरिकेत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अफूच्या कुळातल्या औषधांच्या ओव्हरडोसनं लाखो माणसं गेली. त्यांतल्या कितीतरी जणांची सुरुवात पाठदुखी, गुडघेदुखी, काढलेली अक्कलदाढ अशाच साध्या दुखण्यातून झाली होती. तेव्हा विषय तुमच्यापासून फार लांबचा नाही.

मी भूलतज्ज्ञ. फेंटानिल हे नाव आज अमेरिकेतल्या आईबापांना धडकी भरवतं. मी मात्र नोकरीभर रोज सकाळी ते सिरिंजमध्ये भरत आले. आमचं माप मिलिग्रॅमचं नव्हे, मायक्रोग्रॅमचं. शंभर मायक्रोग्रॅम शिरेतून गेले की टेबलावरच्या माणसाचा श्वास मंदावतो, कधी थांबतोही. मग मी त्याची हनुवटी वर उचलते, तोंडावर मास्क बसवते आणि फुगा दाबून त्याला श्वास देत राहते. श्वास थांबणं ही आमच्या खोलीत घाबरण्याची गोष्ट नाही, रोजच्या कामातली आहे. तेच औषध, तेवढ्याच मात्रेत, एखाद्या बंद न्हाणीघरात कुणाच्या शरीरात गेलं तर तो मरू शकतो. फरक औषधात नाही. फरक एवढाच की माझ्या पेशंटच्या उशाशी मी उभी असते आणि माझ्या ट्रेमध्ये उतारा असतो. न्हाणीघरातल्या माणसाच्या उशाशी कोण आहे, आणि त्याच्या खिशात काय आहे, एवढाच आज माझा प्रश्न आहे.

आधी हा मृत्यू कसा येतो ते सांगते, कारण तो आपल्या कल्पनेतल्या विषबाधेसारखा नसतो. अफू, मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, हेरॉइन, म्हणजे आपली ब्राऊन शुगर, आणि फेंटानिल ही सगळी मेंदूतल्या एकाच जातीच्या जागांवर जाऊन बसतात. त्यांतल्या काही जागा मेंदूच्या बुडाशी, श्वास चालवणाऱ्या केंद्रात असतात. एरवी रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की ते केंद्र आपल्याला श्वास घ्यायला भाग पाडतं. म्हणून तर आपण फार वेळ श्वास कोंडून बसू शकत नाही. अफूच्या कुळातलं औषध नेमकी ती जाणीवच बोथट करतं. माणूस तडफडत नाही, गळा धरत नाही, ओरडत नाही. त्याला हवा हवीशीच वाटत नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. ओठ आणि नखं निळी पडतात. आपल्या सावळ्या कातडीवर ती राखाडी दिसतात. घशातून घोरल्यासारखा, घरघरल्यासारखा आवाज येत राहतो. आणि घरचे म्हणतात, "किती दिवसांनी गाढ झोपलाय, झोपू दे." शवविच्छेदनाच्या टेबलापर्यंत गेलेल्या अनेक मृत्यूंमागे हे वाक्य आहे.

या मरणाला वेळ लागतो. टोचलेल्या हेरॉइनच्या बाबतीत तर पुष्कळदा तास-दोन तास लागतात. फेंटानिलनं तो वेळ मिनिटांवर आणला, तरीही ती मिनिटं असतात. आणि बहुतेक वेळा आसपास कुणीतरी असतं: मित्र, बायको, शेजारच्या खोलीतली आई. म्हणजे वाचवायला अवधीही असतो आणि माणूसही असतो.

उताराही आहे. त्याचं नाव नॅलोक्सोन. न्यूयॉर्कमध्ये जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन या दोघांनी ते तयार केलं आणि १९६१ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९७१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला मान्यता दिली. त्याचं काम मी विद्यार्थ्यांना संगीतखुर्चीच्या खेळावरून सांगते. मेंदूतल्या त्या खुर्चीवरून ते हेरॉइनला ढकलून देतं आणि स्वतः बसतं, पण बसून काहीच करत नाही. दोन-तीन मिनिटांत श्वास सुरू होतो. ज्याच्या अंगात अफूचं काही नाही त्याला ते दिलं तर काहीही होत नाही. नशा नाही, सवय नाही, अपाय नाही. एकच मर्यादा लक्षात ठेवायची: त्याचा अंमल अर्धा ते दीड तास टिकतो आणि काही औषधांचा अंमल त्याहून लांब असतो. म्हणून जागा झालेला माणूस परत झोपेत जाऊ शकतो. त्याला एकटं सोडायचं नाही आणि दवाखान्यात न्यायचंच.

इतकं सोपं आणि निरुपद्रवी औषध पंचवीस वर्षं फक्त आमच्या ट्रेमध्ये आणि कॅज्युअल्टीच्या कपाटात पडून राहिलं. फिशमन यांच्या सावत्र मुलाचा २००३ साली हेरॉइनच्या ओव्हरडोसनं मृत्यू झाला. ज्या घराशी या औषधाच्या शोधाचा संबंध होता, त्या घरापर्यंतही ते औषध पोचलं नव्हतं. वैद्यकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या गोष्टीला एक स्वतंत्र पान द्यावं असं मला वाटतं.

अमेरिकेतल्या साथीची कथा तुम्ही वृत्तपत्रांतून वाचली असेल, म्हणून लवकर सांगते. १९९६ साली पर्ड्यू कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली आणि तिची सवय फारशी लागत नाही असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. ते खोटं होतं, आणि २००७ साली कंपनीनं न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर गावंच्या गावं गोळ्यांना लागली होती. गोळ्यांवर निर्बंध आले तसे लोक २०१० च्या सुमारास स्वस्त हेरॉइनकडे वळले, आणि २०१३ नंतर हेरॉइनची जागा कारखान्यात बनणाऱ्या चोरट्या फेंटानिलनं घेतली. २०२२ या एका वर्षात तिथे सर्व प्रकारच्या ड्रग्जच्या ओव्हरडोसनं १,०७,९४१ माणसं गेली. त्यांतल्या सुमारे ८२ हजार मृत्यूंत अफूच्या कुळातलं काहीतरी होतं.

मला या साथीपेक्षा तिच्याशी झुंजलेल्या माणसांत जास्त रस आहे. योगायोग असा की ज्या १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन आलं, त्याच वर्षी शिकागोत नॅलोक्सोन पहिल्यांदा पद्धतशीरपणे दवाखान्याबाहेर पडलं.

शिकागो रिकव्हरी अलायन्स ही नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया देणारी संघटना. एड्सच्या काळात सुरू झालेली, गाड्या घेऊन वस्त्यांच्या कोपऱ्यावर उभी राहणारी. तिचे एक संस्थापक डॅन बिग. त्यांचा एक सहकारी, संघटना उभारणाऱ्यांपैकीच एक, १९९६ साली ओव्हरडोसनं गेला. बिग यांनी त्यानंतर एक साधा प्रश्न विचारला: डॉक्टरच्या हातातलं हे औषध, जो माणूस तिथे प्रत्यक्ष हजर असतो त्याच्या हातात का नको? आणि हजर कोण असतो? दुसरा नशा करणारा. त्यांनी सुयांबरोबर नॅलोक्सोनच्या बाटल्या द्यायला सुरुवात केली. श्वास कसा द्यायचा, सुई दंडात कशी मारायची, हे गाडीच्या दारात उभं राहून शिकवायचे. कायद्यानं ते चिठ्ठीवरचं औषध, त्यामुळे चिठ्ठी लिहायला धजावणारे डॉक्टर त्यांनी शोधून काढले. २००६ साली त्यांनी जो अहवाल छापला त्यात ३,५०० हून अधिक बाटल्या दिल्याची आणि माणूस परत आणल्याच्या ३१९ घटनांची नोंद आहे. गर्दुल्ल्यांनी गर्दुल्ल्यांचे वाचवलेले ३१९ जीव. शब्द मुद्दाम वापरते आहे, कारण आपण त्यांना याच नावानं हाक मारतो आणि त्यांच्या हातून कुणाचं भलं होईल हे आपल्या स्वप्नातही येत नाही.

बिग यांच्या संघटनेचं ब्रीद होतं, कुठलाही चांगला बदल. नशा सुटली तर उत्तमच; आज नुसती स्वच्छ सुई वापरलीस, तरी तो चांगला बदल. मला हे ब्रीद आवडतं, जरी ते आमच्याकडच्या अनेक व्यसनमुक्तीवाल्यांना पचणार नाही. २०१८ साली बिग स्वतःही ओव्हरडोसनंच गेले. त्यावर ज्यांनी "बघा" म्हणून बोट दाखवलं त्यांना बोट दाखवू द्यावं. २०१४ च्या जूनपर्यंत अमेरिकेत दीड लाखाहून अधिक सामान्य माणसांना नॅलोक्सोनचे संच मिळाले होते आणि त्यांनी २६,४६३ वेळा माणूस परत आणल्याची नोंद सरकारी रोगनियंत्रण केंद्रानं छापली आहे. ही वाट पाडणाऱ्यांत बिग पहिल्या रांगेत होते.

आता शिकागो सोडून डोंगरात जाऊ. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ब्लू रिज पर्वताच्या पायथ्याशी विल्क्स नावाचा परगणा आहे. वस्ती सत्तर हजारांच्या आत. फर्निचरचे कारखाने, कोंबड्यांचा धंदा, पुष्कळ चर्च. हेरॉइनची गल्ली वगैरे काही नाही. २००९ साली इथे ओव्हरडोसच्या मृत्यूंचं प्रमाण दर लाखी ४६.६ होतं, देशातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी एक. कारण औषधांच्या दुकानातल्या गोळ्या. आजोबांच्या कॅन्सरच्या गोळ्या नातवाच्या खिशात जायच्या. हे पहिल्यांदा कुणाला दिसलं? फ्रेड ब्रेसन नावाच्या एका पाद्र्याला. ते मरणासन्न रुग्णांच्या घरी जाऊन धीर देण्याचं काम करत, आणि रुग्णाच्या गोळ्या घरातूनच नाहीशा होताना पाहत. त्यांनी 'प्रोजेक्ट लाझारस' सुरू केला. लाझारस म्हणजे येशूनं थडग्यातून उठवलेला माणूस.

या प्रकल्पातलं मला विशेष वाटतं ते हे, की त्यांनी कुणालाच वगळलं नाही. डॉक्टरांना बसवून दुखण्याची औषधं कशी लिहायची ते पुन्हा शिकवलं. इमर्जन्सी विभागात पुन्हापुन्हा गोळ्या मागायला येणाऱ्यांसाठी धोरण ठरवलं. शेरीफच्या मदतीनं घरातल्या उरलेल्या गोळ्या परत घेण्याची सोय केली. शाळांत गेले, चर्चमध्ये बोलले. आणि ज्याला ज्याला धोका, त्याला त्याला चिठ्ठीसकट नाकात मारायच्या नॅलोक्सोनचा संच फुकट दिला. मग तो नशा करणारा असो, की डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच मोठ्या मात्रेत गोळ्या घेणारा संधिवाताचा म्हातारा. २०१० साली तिथलं मृत्यूंचं प्रमाण दर लाखी २९ वर आलं. एका वर्षाच्या उतारावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, आणि यात नॅलोक्सोनचा वाटा किती आणि बाकीच्या कामाचा किती हेही वेगळं काढता येत नाही. पण मला ते वेगळं काढायची घाई नाही. तिथे गाव कामाला लागलं होतं.

वेगळं काढून पाहणारेही निघाले. मॅसॅच्युसेट्समधल्या एकोणीस गावांचा अभ्यास २०१३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. जिथे सामान्य लोकांना नॅलोक्सोनचं शिक्षण कमी प्रमाणात मिळालं तिथे मृत्यूचं प्रमाण, ते अजिबात न मिळालेल्या काळाच्या तुलनेत, २७ टक्क्यांनी कमी. जिथे जास्त मिळालं तिथे ४६ टक्क्यांनी कमी. जितक्या हातांत औषध, तितकी मरणं कमी. त्याच राज्यातल्या क्विन्सी शहराच्या पोलिसांनी २०१० सालापासून गस्तीच्या गाडीत नॅलोक्सोनचा फवारा ठेवायला सुरुवात केली. पकडायला येणाराच वाचवायला येऊ लागला.

पोलिसांचा विषय निघालाच आहे तर सांगते. या सगळ्यातला खरा अडथळा औषधाचा नव्हता, भीतीचा होता. मित्र निळा पडला तरी लोक फोन करत नसत, कारण रुग्णवाहिकेच्या मागून पोलीस येणार आणि झडती होणार. मित्राला दारात, जिन्यात, रस्त्यावर ठेवून पळून जाणं हा तिथलाही प्रकार आणि इथलाही. न्यू मेक्सिको राज्यानं २००७ साली पहिला कायदा केला: ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर, जवळ ड्रग बाळगल्याचा खटला भरायचा नाही. आज जवळजवळ सगळ्या राज्यांत असे कायदे आहेत. ते लोकांना माहीत असतात का आणि पोलीस ते पाळतात का, हा भाग निराळा.

भीतीचा दुसरा एक प्रकार मजेशीर आहे. फेंटानिलला नुसता हात लागून पोलीस बेशुद्ध पडल्याच्या बातम्या अमेरिकेत वर्षानुवर्षं येत राहिल्या. विषशास्त्राच्या तिथल्या दोन संघटनांनी २०१७ साली लेखी सांगितलं की असं होणं जवळजवळ अशक्य आहे. माझ्या हातावर ते किती वेळा सांडलं असेल! धुतला हात आणि पुढच्या केसला लागले. पण असल्या बातम्यांमुळे लोक पडलेल्या माणसाला हात लावायला कचरतात, म्हणून ही मजा महागात पडते.

कॅनडात व्हँकूव्हरनं आणखी पुढचं पाऊल टाकलं. डाउनटाउन ईस्टसाइड या भागात २००३ साली 'इनसाइट' नावाचं केंद्र सुरू झालं. माणसानं आपलं ड्रग आणायचं आणि नर्सच्या देखत टोचायचं. काही झालं तर ती हजर. सरकारनं ते बंद करायचा प्रयत्न केला, तेव्हा २०११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं केंद्राच्या बाजूनं निकाल दिला. तिथे ओव्हरडोस हजारो झाले, पण त्या खोलीत ओव्हरडोसनं कुणी मेलं नाही. मग फेंटानिल आलं. एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं आरोग्याची आणीबाणी जाहीर केली, पण नवी केंद्रं काही उघडेनात. सप्टेंबरमध्ये सेरा ब्लाइथ आणि तिच्या सहकाऱ्यांनी एका गल्लीत सरळ तंबू ठोकला. परवाना नाही, अनुदान नाही. आत टेबलं, नॅलोक्सोन आणि स्वयंसेवक, त्यांतले बरेच स्वतः नशा करणारे. डिसेंबरमध्ये आरोग्यमंत्र्यांनी हुकूम काढून अशा जागांना मान्यता दिली. सरकारं पुष्कळदा अशीच शहाणी होतात, तंबू आधी आणि आदेश नंतर.

नशेला जागा करून देणं म्हणजे नशेला उत्तेजन, हा आक्षेप तुमच्या मनात आला असेल. तो प्रामाणिक आक्षेप आहे, मी तो झटकून टाकत नाही. पण नॅलोक्सोन दिलेला माणूस कसा उठतो ते मी पाहिलं आहे. घाम, उलट्या, हाडं मोडल्यासारखी वेदना, कासावीस. नशेकरी ज्याला टर्की म्हणतात ती एका क्षणात अंगावर येते. पुढे हा फवारा आहेच, म्हणून आज जरा जास्त घेऊ, असं म्हणायला ही काही गंमत नव्हे. आणि मुख्य म्हणजे मेलेला माणूस व्यसनमुक्ती केंद्रात येऊ शकत नाही. आधी तो उद्या सकाळी जिवंत हवा.

आता एक गोष्ट, जी आपल्याकडच्या प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्राच्या भिंतीवर लिहून लावावी. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या माणसांचा अभ्यास २००७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसनं मरण्याचा धोका बाहेरच्या सामान्य माणसाच्या १२९ पट. एकशे एकोणतीस. कारण उघड आहे. रोज घेणाऱ्याच्या शरीराला मोठी मात्रा सोसते. चार-सहा आठवडे बंद राहिलं की ती सोसण्याची ताकद ओसरते, पण माणसाच्या हाताला आणि मनाला जुनीच मात्रा आठवते. व्यसनमुक्ती केंद्रातून बरा होऊन घरी आलेल्या मुलाचंही हेच. आईवडील पेढे वाटतात तो दिवस सर्वांत धोक्याचा असतो, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. फक्त शरीरातून ड्रग काढून टाकून माणूस घरी पाठवणं पुरेसं नाही. ब्युप्रेनॉर्फिनसारखं, नशेची ओढ शमवणारं औषध पुढे चालू ठेवलं तर धोका खूप उतरतो. फ्रान्सनं १९९५ पासून साध्या डॉक्टरांना ते लिहायची मोकळीक दिली, आणि चार वर्षांत हेरॉइनच्या ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले.

अमेरिकेत आज नॅलोक्सोन चिठ्ठीशिवाय मिळतं. मार्च २०२३ मध्ये तशी परवानगी आली. मधल्या काळात व्यापाऱ्यांनीही हात धुऊन घेतले: 'एव्हझिओ' नावाच्या बोलणाऱ्या इंजेक्शनच्या जोडीची किंमत ६९० डॉलरवरून चार हजारांच्या वर गेली. आता ग्रंथालयात, बारमध्ये, विद्यापीठांच्या वसतिगृहांत नॅलोक्सोनच्या पेट्या भिंतीवर असतात. फेंटानिल ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या वाटतात. एकट्यानं नशा करणाऱ्यांसाठी दूरध्वनी सेवा आहे. पलीकडचा स्वयंसेवक फोनवर बोलत राहतो, आणि उत्तर येईनासं झालं की रुग्णवाहिका पाठवतो. २०२४ साली मृत्यू सुमारे ८० हजारांवर उतरले. याचं श्रेय कुणाला, यावर तिथे वाद आहे: नॅलोक्सोनला, उपचारांना, की बाजारातल्या फेंटानिलच्या बदललेल्या ताकदीला? मला वाटतं थोडं थोडं सगळ्यांना. आणि ८० हजार हाही काही समाधान मानण्याचा आकडा नव्हे.

इथे बसलेल्यांपैकी अनेकांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत, म्हणून एक व्यवहाराची सूचना. परीक्षेच्या जागरणासाठी किंवा झोपेसाठी मित्रानं दिलेली गोळी, औषधाच्या दुकानातल्यासारखी हुबेहूब दिसणारी, तिच्यात फेंटानिल असू शकतं. पहिल्याच गोळीनं जीव गेल्याची उदाहरणं आहेत. न्यू जर्सीत, जिथे निम्मं पुणं गेलं आहे, २०२३ पासून चौदा वर्षांवरच्या कुणालाही, नाव न विचारता, सहभागी औषध दुकानांतून नॅलोक्सोन फुकट मिळतं. नातवाला फोन करताना भाकरवडी मिळाली का विचाराल, तेव्हा हेही घेऊन ठेवायला सांगा.

आता आपल्याकडे. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर मुंबईत आली. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला. अनिल अवचटांनी 'गर्द' लिहिलं, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात 'मुक्तांगण' उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीतून. मराठी समाजानं या विषयात काहीच केलं नाही असं कुणी म्हणू नये. मुंबईत 'संकल्प'सारखी संस्था रस्त्यावरच्या, टोचून घेणाऱ्या माणसांत वर्षानुवर्षं काम करते आहे. पण ओव्हरडोस हा विषय आपल्या बोलण्यात येतच नाही. केंद्र सरकारनं 'एम्स'कडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली छापलेल्या पाहणीत, अफूच्या कुळातल्या नशेसाठी मदतीची गरज असलेली माणसं देशात सुमारे ७७ लाख निघाली. त्यांतली निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत त्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. आणि ओव्हरडोसचे मृत्यू किती? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षाला काही शेकड्यांत असतात. ७७ लाखांच्या मानानं हे पटत नाही. रेल्वे रुळांशेजारी, पुलाखाली सापडलेल्या बेवारस माणसाची अपमृत्यू म्हणून नोंद होते, व्हिसेरा राखून ठेवतात, आणि घरचे असतील तर ते हार्ट अटॅक म्हणतात. जे मोजलं जात नाही त्यासाठी कुणी पैसे मंजूर करत नाही.

नॅलोक्सोन आपल्याकडे मिळतं. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ते आहे. ते नशेचं औषध नाही, त्यामुळे एनडीपीएसच्या कचाट्यात येत नाही. मात्र डॉक्टरची चिठ्ठी लागते. ते असतं कुठे? बहुतेक ऑपरेशन थिएटरात, माझ्या ट्रेमध्ये. देशात याला अपवाद ईशान्येत आहे. मणिपूर आणि नागालँडमध्ये नशा करणाऱ्यांच्या आणि सोडलेल्यांच्या संघटनांनी हे काम कधीच हाती घेतलं. इंफाळची 'सासो' तर १९९१ साली नशेतून बाहेर पडलेल्यांनीच उभी केली. तिथे वस्तीतले साथी-कार्यकर्ते नॅलोक्सोन ओळखतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ साली स्पष्ट सांगितलं, की ओव्हरडोस पाहण्याची ज्याच्यावर वेळ येऊ शकते त्याला हे औषध आणि त्याचं शिक्षण मिळालं पाहिजे. कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान आणि युक्रेन या देशांत त्यांनी ते करूनही पाहिलं. शिकवलेल्यांपैकी ज्यांच्यासमोर ओव्हरडोस झाला, त्यांतल्या दहांपैकी नऊ जणांनी औषध वापरलं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी माणूस वाचला. ताजिकिस्तान आपल्याहून श्रीमंत नाही.

कायद्याचंही थोडं बोलू. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पण मित्र पडला म्हणून १०८ ला फोन करणाऱ्याला तसं काही संरक्षण नाही. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मात्र २०१६ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनं आपण ते दिलं आहे. जे मोटारसायकलवरून पडलेल्यासाठी सुचलं ते पन्नीवर ब्राऊन शुगर ओढून पडलेल्यासाठी सुचायला हरकत नव्हती.

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. १९८५ च्या कायद्याच्या धाकानं आपल्याकडे कॅन्सरच्या रुग्णांना मॉर्फिन मिळेनासं झालं होतं. २०१४ साली कायदा बदलला, तरी अजून ते सगळीकडे पोचत नाही. माझ्या व्याख्यानामुळे कुणी आपल्या आजारी आईच्या मॉर्फिनच्या गोळ्या बंद केल्या तर मला फार वाईट वाटेल. त्या गोळ्या कुलपात ठेवा, मोजून द्या, उरल्या तर दवाखान्यात परत नेऊन द्या. पण द्या.

आणि पडलेला माणूस दिसला तर? जोरात हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीनं घासा. उठत नसेल तर १०८ ला फोन करा. हनुवटी वर उचलून दर पाच सेकंदांनी एक श्वास द्या. नॅलोक्सोन असेल तर दंडात किंवा मांडीत द्या, आणि दोन-तीन मिनिटांत श्वास आला नाही तर पुन्हा द्या. श्वास आला की कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. थंड पाणी ओतू नका, मीठपाणी पाजू नका, सुईनं दूध किंवा मीठ टोचण्याचे जे भयंकर गावठी उपाय चालतात ते तर मुळीच करू नका. यातलं काहीही शिकायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मी वॉर्डबॉयना एका दुपारी शिकवलं आहे.

ही व्याख्यानमाला ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ चालते, त्यांचा आग्रह असे की जाणकारानं आपली विद्या चौकात आणून ठेवावी. म्हणून आता नुसतं भाषण न करता मागणी करते. आपल्या शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रांनी घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाबरोबर नॅलोक्सोनच्या दोन ॲम्प्यूल आणि सिरिंज द्यावी, आणि घरातल्या एकाला ती वापरायला शिकवूनच सोडावं. शिकवायला मी येईन, फी नाही. चिठ्ठ्या लिहायला आमच्या भूलतज्ज्ञ संघटनेतले चारजण तयार आहेत, मी आधीच विचारून आले आहे. पोलीस आयुक्तांकडे एक अर्ज घेऊन जायचं आहे: ओव्हरडोसचा फोन आला तर पहिल्यांदा रुग्णवाहिका, आणि फोन करणाऱ्याची झडती नाही. अर्जावर सह्या हव्यात. कागद मागच्या टेबलावर ठेवला आहे. सभागृहात औषधविक्रेता संघाचे पदाधिकारी बसलेले मला दिसताहेत. त्यांनी पसायदानानंतर लगेच निघून जाऊ नये. महिन्याला किती ॲम्प्यूल मागवता येतील ते आजच ठरवून घेऊ.